मुंबई ते न्यूयॉर्क किती लांब आणि किती तास? अंतर-वेळ सांगणाऱ्या साइट्स वापरून लिहिलेला रिव्ह्यू

गुगलवर मुंबई न्यूयॉर्क फ्लाइट डिस्टन्स असं टाकलं की एकसारख्या दिसणाऱ्या साइट्सची रांगच लागते. दोन रकाने, एक बटण, आणि खाली किलोमीटर, मैल, नॉटिकल मैल आणि एवढे तास एवढी मिनिटं. आमच्या घरी परदेशी जायचं तिकीट काढायचं काम माझ्याकडे असतं, दादा-वहिनी न्यू जर्सीत एडिसनला, आईबाबा सांगलीला आणि मी मधे पुण्यात, त्यामुळे ह्या सगळ्या साइट्स मी भरपूर वापरल्यात आणि शेवटी दोनच ठेवल्यात, ग्रेट सर्कल मॅपर आणि फ्लाइटरडार२४. ह्या दोन्हींचा रिव्ह्यू लिहितेय, आणि बाकीच्या साइट्सवरच्या तासांवर का विसंबू नये तेही सांगते, कारण तो आकडा व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतो आणि मग घरातली मोठी माणसं त्यावर गोळ्या, इन्सुलिन, जेवणं सगळं ठरवून बसतात.

आधी अंतराचं बोलू. अंतर बहुतेक सगळ्या साइट्स बरोबर सांगतात. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ हवाई अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे ७,८०० मैलांच्या आसपास. एका साइटवर १२,५३० आणि दुसरीवर १२,५६० दिसलं तर घाबरायचं कारण नाही, कोणी पृथ्वी एकदम गोल धरतं, कोणी ध्रुवांकडे जराशी चपटी धरतं (तशीच आहे ती, विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किमी आणि ध्रुवाकडे ६,३५७), कोणी शहराच्या मध्यापासून मोजतं तर कोणी एअरपोर्टपासून. वीस-तीस किलोमीटरचा फरक विमानाला दोन मिनिटांचा. अंतराच्या बाबतीत कुठलीही साइट उघडा, चालेल.

खरी गडबड तासांची आहे. एकच प्रवास, आणि एका साइटवर १३ तास ५५ मिनिटं, दुसरीवर पावणेपंधरा तास, तिसरीवर १६ तास ५ मिनिटं! हे कुठून येतं ते गणित करून बघितलं की लगेच कळतं. पहिली साइट अंतराला ताशी ९०० किमीने भागते, दुसरी ८५० ने, आणि तिसरी ५०० मैलांनी भागून वर टेकऑफ-लँडिंगचा अर्धा तास चिकटवते. बास, एवढंच. विमान कुठलं, कुठल्या रस्त्याने जाणार, वारा कसा आहे, काही नाही, सरळ भागाकार करून मिनिटांपर्यंत आकडा देतात आणि मिनिटं दिसली की आपल्याला वाटतं कोणीतरी मोजून सांगितलंय.

साइट कामाची आहे का ते ओळखायला माझी एक परीक्षा आहे, कोणीही करू शकतं. मुंबई-न्यूयॉर्क टाका, वेळ बघा, मग उलटं न्यूयॉर्क-मुंबई टाका. दोन्ही वेळा तेच तास आले तर त्या साइटला वारा माहीत नाही, बंद करा ती. जाताना आणि येतानाचे तास एकच असतात असं ह्या रूटवर कधीच होत नाही, नॉनस्टॉपने जाताना साधारण साडेपंधरा-सोळा, कधी त्याहूनही जास्त, आणि येताना चौदा-साडेचौदा. दीड-दोन तासांचा फरक आहे हा, आईसारख्या गुडघे दुखणाऱ्या माणसाला इकॉनॉमीत बसून दोन तास म्हणजे खूप झाले.

आता ग्रेट सर्कल मॅपर. कार्ल स्वार्ट्झ नावाच्या माणसाची साइट आहे, खूप जुनी, आणि दिसतेही जुनी. मोबाइलवर अक्षरं बारीक, डिझाइन वगैरे काही नाही. पण काम! एक रकाना आहे, त्यात एअरपोर्टचे तीन अक्षरी कोड मधे आडवी रेघ देऊन इंग्रजीत टाकायचे, मुंबईचा बीओएम, न्यूयॉर्कचा जेएफके, आणि एंटर. नकाशा येतो, त्यावर लाल रेघ, खाली अंतर. किलोमीटर, मैल, नॉटिकल मैल हवं ते निवडा.

ती रेघ पहिल्यांदा बघणाऱ्याला चुकलेली वाटते. आपल्या डोक्यात शाळेतला सपाट नकाशा असतो, त्यावर मुंबईहून डावीकडे सरळ गेलं की अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक आणि मग अमेरिका. आणि ही रेघ मुंबईहून निघून सरळ वर उत्तरेकडेच चढते! कच्छवरून सिंध, कंदहारजवळून अफगाणिस्तान, अश्गाबातच्या बाजूने तुर्कमेनिस्तान, पुढे कझाकस्तानचा पश्चिम भाग, रशियात सेंट पीटर्सबर्गजवळून, मग फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाच्या खालून कॅनडात लॅब्राडोर आणि तिथून न्यूयॉर्कला खाली. सगळ्यात वर ती ६५ अंश उत्तरेच्या जवळ पोचते. बाबांनी हे बघितल्यावर मान्यच केलं नाही, मग दादाच्या मुलाचा जुना पृथ्वीचा गोल माळ्यावर होता तो काढला आणि शिवणकामाचा दोरा एक टोक मुंबईवर, एक न्यूयॉर्कवर धरून ताणला. दोरा आपोआप सरकून वर रशियाकडे गेला. बाबांनी तो मुद्दाम खाली ओढून इजिप्तवरून धरून बघितला तर लगेच जास्त दोरा लागायला लागला. गोल वस्तूवर सगळ्यात जवळचा रस्ता असाच जातो, त्यालाच ग्रेट सर्कल म्हणतात आणि साइटचं नाव त्यावरूनच आहे. घरात गोल असेल तर मुलांना हे जरूर करून दाखवा, भूगोलाचा अख्खा धडा त्यात येतो.

ह्या साइटची मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे मधला थांबा टाकता येतो. मुंबई-लंडन-न्यूयॉर्क असे तीन कोड एकामागे एक टाकले तर प्रत्येक टप्पा आणि बेरीज वेगळी दिसते. मुंबई-लंडन साधारण ७,२०० किमी, लंडन-न्यूयॉर्क ५,५४०, मिळून पावणेतेरा हजारांच्या आत. म्हणजे लंडनला थांबून गेलं तरी नॉनस्टॉपपेक्षा सव्वादोनशे किलोमीटरच जास्त! कारण लंडन त्या वाकड्या रेघेपासून फार लांब नाहीच. दुबई तर वाटतं भलतीकडे आहे, तरी मुंबई-दुबई १,९३० आणि दुबई-न्यूयॉर्क ११,००० च्या आसपास, बेरीज साडेबारा हजाराच्या जागी तेरा हजाराच्या आत. टक्केवारीत तीन टक्के. त्यामुळे "मधे थांबून गेलं की लांबून जावं लागतं" हे जे सगळे म्हणतात ते ह्या रूटला लागूच होत नाही. जास्तीचे तास हवेत जात नाहीत, ते जातात मधल्या एअरपोर्टवर खुर्चीत बसून. हे एकदा कळलं की तिकीट निवडताना नजर बरोबर जागी जाते, अंतर बघायचंच नाही, मधला थांबा दोन तासांचा आहे का नऊ तासांचा तेवढं बघायचं.

पण एक आहे, ग्रेट सर्कल मॅपर भूमिती सांगतो, त्याला राजकारण माहीत नाही. आणि ह्या रूटवर राजकारण फार आहे हो. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर भारतीय विमान कंपन्यांना पाकिस्तानचं आकाश बंद झालं आणि मग महिन्या-महिन्याने ती मुदत वाढत गेली. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना तेव्हा इंधनासाठी व्हिएन्ना, कोपनहेगनला उतरावं लागलं. बालाकोटनंतर २०१९ मध्येही फेब्रुवारी अखेरपासून जुलैपर्यंत असंच झालं होतं. रशियाचं उलट, २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकन आणि युरोपियन कंपन्यांना रशियाचं आकाश बंद, भारतीय कंपन्यांना मात्र उघडं. युनायटेड ह्या अमेरिकन कंपनीने नेवार्क (न्यूयॉर्कजवळचं न्यू जर्सीतलं एअरपोर्ट) ते मुंबई नॉनस्टॉप मार्च २०२२ मध्ये त्याच कारणाने थांबवली होती. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल लढाईत इराण, इराकचं आकाश बंद. म्हणजे नकाशावरची ती सुंदर लाल रेघ आहे ना, तिच्यावरून आज कोण उडू शकतं ते विमान कोणत्या देशाचं आहे त्यावर ठरतं.

ह्यावर माझी युक्ती अशी की थांबा नसला तरी मधे एक कोड टाकून बघायचा. पाकिस्तान टाळायचं तर विमान मुंबईहून समुद्रावरून पश्चिमेला ओमानकडे जाणार, मग मुंबई-मस्कत-न्यूयॉर्क टाकलं. बेरीज साडेतीनशे-चारशे किलोमीटरने वाढली, म्हणजे साधारण अर्धा तास. मुंबईकरांना त्यामानाने कमी फटका, आपण आधीच समुद्रावर आहोत. दिल्लीवाल्यांना आधी खाली दक्षिणेला येऊन मग वळायला लागतं, त्यांचा वळसा मोठा.

आता वाऱ्याचं सांगते कारण जाता-येतानाचा फरक त्याच्यामुळेच आहे. विमानं जिथे उडतात तिथे, म्हणजे दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात ते. थंडीत ते आणखी जोरात. अमेरिकेला जाताना वारा तोंडावर, येताना पाठीशी. विमानाचा स्वतःचा वेग ९०० धरला आणि पूर्ण रस्त्यावर सरासरी नुसता ५० चा वारा धरला तरी जाताना जमिनीवरून मोजलेला वेग ८५० आणि येताना ९५०, म्हणजे साडेबारा हजार किलोमीटरला जाताना पावणेपंधरा तास आणि येताना सव्वातेरा, दीड तासाचा फरक तिथेच पडला. वारा त्याहून कितीतरी जोरात झाला की काय होतं बघा, फेब्रुवारी २०२० मध्ये कियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक जम्बो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, जमिनीवरून मोजलेला वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला होता. आणि अटलांटिकवर तर वाऱ्याप्रमाणे रोज नवीन रस्ते आखतात, पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी वेगळे आणि पूर्वेला येणाऱ्यांसाठी वेगळे. काल गेलेल्या विमानाचा रस्ता आणि आजच्याचा एकच असेल असं नाही.

मग तास कुठे बघायचे? फ्लाइटरडार२४ वर. स्वीडनची कंपनी आहे, जगभर लोकांनी गच्चीवर, खिडकीत लावलेल्या रिसीव्हरमधून विमानांचे सिग्नल गोळा करते. बहुतेक लोक ते अॅप माणूस विमानात बसला की पिवळं विमान सरकताना बघायला उघडतात (आमच्याकडे बाबा ते रात्रभर बघतात). पण तिकीट काढायच्या आधी त्याचा उपयोग जास्त आहे. तुम्ही जे फ्लाइट घ्यायचा विचार करताय त्याचा नंबर सर्चमध्ये टाका, गेल्या सात दिवसांचा तक्ता फुकट दिसतो. तारीख, कुठून, कुठे, विमान कुठलं, फ्लाइट टाइम, ठरलेली सुटायची वेळ, प्रत्यक्ष उडाल्याची वेळ, ठरलेली पोचायची वेळ, आणि शेवटी खरंच कधी उतरलं.

तो तक्ता वाचायची एक पद्धत आहे. फ्लाइट टाइमचा रकाना म्हणजे चाकं जमिनीवरून उचलल्यापासून टेकेपर्यंत. आठवड्याचे सातही आकडे वर-खाली बघा, एका दिवशी १५ तास २० मिनिटं आणि दोनच दिवसांनी १६ च्या वर असं सहज सापडतं, तो वारा आणि रस्ता. मग ठरलेली सुटायची वेळ आणि प्रत्यक्ष उडाल्याची वेळ ह्यातला फरक बघा. पंधरा-वीस मिनिटं सगळ्यांचीच असतात कारण गेटपासून रनवेपर्यंत जायला तेवढं लागतंच, मुंबईला तर दोन रनवे एकमेकांना काटतात आणि एका वेळी एकच वापरात असतो त्यामुळे रांग असते. पण रोज एक-दीड तास दिसला तर ते विमान मागूनच उशिरा येतंय असं समजायचं आणि त्यावर पुढचं कनेक्शन असेल तर ते घ्यायचं नाही. तिकिटावर छापलेला वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो आणि कंपन्या त्यात थोडी वेळ हाताशी ठेवतात, म्हणून कधीकधी उशिरा उडूनही विमान वेळेवर पोचतं. मी आईबाबांचं तिकीट काढताना हा तक्ता दादाला व्हिडिओ कॉलवर दाखवते आणि मगच पैसे भरते.

बाकीच्या साइट्सबद्दल एक तक्रार आहे ती इथेच सांगून टाकते, नावं घेत नाही. एका अंतर-कॅल्क्युलेटरवर निकालाच्या बरोबर खाली मोठं हिरवं बटण होतं आणि ते दाबलं की भलतंच कुठलंतरी अॅप उतरवायला लावतात. वयस्कर माणसं ते दाबणारच. अशा साइटची लिंक आईवडिलांना कृपया फॉरवर्ड करू नका, हवा तर नुसता आकडा पाठवा.

घड्याळाचा भाग ह्यातल्या एकाही कॅल्क्युलेटरमध्ये मला नीट समजावलेला दिसला नाही, आणि बाबांसाठी तो सगळ्यात महत्त्वाचा कारण ते इन्सुलिन घेतात. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे आणि उन्हाळ्यात साडेनऊ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथे घड्याळ पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे, त्या आठवड्यात जाणार असाल तर जास्त लक्ष द्या. समजा जानेवारीत मुंबईहून रात्री २ ला निघालं आणि सोळा तास लागले, तर तिथे पोचताना तिथलं घड्याळ सकाळचे साडेसात दाखवणार, तिकिटावरची सुटायची-पोचायची वेळ नुसती वजा केली तर साडेपाच तासांचा प्रवास दिसतो. येताना तिथून सकाळी साडेअकराला निघालं आणि साडेचौदा तास लागले तर मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारचे साडेबारा, तशाच वजाबाकीने पंचवीस तास. शरीराला जे खरे तास लागतात ते पहिल्यात सोळा आणि दुसऱ्यात साडेचौदा. इन्सुलिनवाल्यांनी डॉक्टरांकडे जाताना सुटायची-पोचायची वेळ दोन्हीकडच्या घड्याळाप्रमाणे कागदावर लिहून न्यावी, जाताना दिवस लांबतो आणि येताना आखडतो त्यामुळे डोस कसा घ्यायचा ते त्यांनीच सांगावं, व्हॉट्सअॅपने नाही. आम्ही एक साधा उभा तक्ता करतो, डावीकडे भारताची वेळ, उजवीकडे तिथली, मधे जेवण आणि औषध, आणि तो बाबांच्या शर्टाच्या खिशात. औषधं आणि इन्सुलिन हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही.

आणि विमानाचे तास म्हणजे प्रवासाचे तास नव्हेत, सांगलीकराला तर अजिबातच नाहीत. सांगलीहून गाडीने मुंबई, कात्रज आणि लोणावळ्याच्या गर्दीचा हिशोब धरून, मग तीन तास आधी एअरपोर्टवर, मग विमान, मग तिकडे इमिग्रेशनची रांग, आणि मग दादा घरी नेणार. जेएफकेला उतरलं तर एडिसन साठ-पासष्ट किलोमीटर, व्हेराझानो ब्रिज ओलांडून, ट्रॅफिक लागला तर दोन तासही जातात. नेवार्कला उतरलं तर अर्ध्या-पाऊण तासात घर. कॅल्क्युलेटरमध्ये दोन्ही न्यूयॉर्कच दिसतं आणि हवाई अंतरात फरक पडतच नाही म्हटलं तरी चालेल, पण न्यू जर्सीवाल्या मराठी मंडळींसाठी नेवार्कचं तिकीट चार पैसे महाग असलं तरी मी ते घेते.

तसंच आईवडील एकटे जाणार असतील तर मला नॉनस्टॉपच बरं वाटतं. एकदा बसवलं की उतरायचं ते दादाच्या शहरात. १९६० मध्ये एअर इंडियाने न्यूयॉर्क सुरू केलं ते लंडनमार्गे होतं, आणि त्यांचंच मुंबई-न्यूयॉर्क न थांबता असं १ ऑगस्ट २००७ ला सुरू झालं, म्हणजे आपल्या आधीच्या पिढीला हा पर्यायच नव्हता, मामा-काका सगळे युरोपात कुठेतरी उतरून, बसून, परत चढून गेलेत. ज्यांना सोळा तास एका जागी बसवत नाही त्यांनी मात्र थांबा घ्यावा, त्यात काही कमीपणा नाही, पाय मोकळे होतात. थांबा घ्यायचाच तर अबू धाबीचा एक फायदा सांगते, अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं, २०१४ पासून ती सोय आहे, त्यामुळे न्यूयॉर्कला उतरल्यावर थकलेल्या अंगाने परत रांगेत उभं राहायला नको. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा.

रेटिंग द्यायचं तर ग्रेट सर्कल मॅपरला पाचपैकी साडेचार. फुकट आहे, अचूक आहे, लॉगिन नाही. अर्धा कापला तो मोबाइलवर बघताना होणाऱ्या त्रासासाठी, आणि कोड माहीत नसलेल्या माणसाला सुरुवातीला काही सुचत नाही म्हणून. लॅपटॉपवर उघडा. फ्लाइटरडार२४ ला चार. माहिती पहिल्या नंबरची पण फुकटच्या अॅपमध्ये जाहिराती खूप, आणि सात दिवसांच्या मागचं बघायचं तर पैसे. जानेवारीत जायचं तिकीट जुलैत काढताना मला मागच्या जानेवारीचे आकडे हवे असतात कारण वारा थंडीतला वेगळा, आणि वर्षभराचा तक्ता महागड्या प्लॅनमध्येच आहे. त्यावर उपाय म्हणजे तिकीट आधी काढलं तरी निघायच्या आठवड्यात परत एकदा तक्ता बघायचा आणि औषधांचं वेळापत्रक तेव्हा पक्कं करायचं. भागाकारवाल्या कॅल्क्युलेटर साइट्सना अंतरासाठी तीन, तासांसाठी शून्य.

नवी मुंबईचं नवीन एअरपोर्ट २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झालं, त्याचा कोड एनएमआय, सुरुवातीला देशातलीच विमानं. अमेरिकेची विमानं तिथून सुटायला लागली तर न्यूयॉर्कचं अंतर तेच साडेबारा हजार राहणार, सांताक्रूझपासून ते हवेतून पंचवीसेक किलोमीटरवरच आहे. पण एक्सप्रेस-वेवरून पनवेलला उतरलं की वाशीचा पूल, चेंबूर, सायन सगळं टळणार, म्हणजे आमच्या सांगली-सातारा-पुण्याकडच्या लोकांचे गर्दीच्या वेळचे एक-दीड तास तरी वाचतील. सांगली, कोल्हापूर, साताऱ्याहून कोणी तिथून विमान पकडलं असेल तर घरापासून गेटपर्यंत किती वेळ लागला ते नक्की लिहा, आईबाबांच्या पुढच्या वेळेसाठी मला ते हवंय.